बडोद्यावरून जाताना

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. पितृपंधरवडा चालू होता आणि आजोबांच्या श्राद्धासाठी मी ऐरोलीहून बडोद्याला घरी आले होते. स्वयंपाकघरात आई वडे तळत होती, बाबा गुरुजींची वाट बघत होते आणि मी आतल्या खोलीत दार लावून, समोर लॅपटॉप आणि हातात मोबाइल घेऊन बसले होते. दुपारी बारा वाजता कोल्डप्लेच्या मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू होणार होती.

बारा वाजले आणि स्क्रीनवर रांगेतला माझा नंबर आला. चार लाखांच्याही पुढचा! नंतर बातम्यांत वाचलं की त्या दिवशी एक कोटीहून जास्त लोक तिकिटासाठी ऑनलाइन आले होते. बाहेरून आईची हाक आली, "अगं, पानं वाढायची आहेत, ये ना!"

"आले, ऑफिसचं काम आहे," मी आतूनच ओरडले.

ते पहिलं खोटं.

ज्यांना कोल्डप्ले माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लंडनमध्ये कॉलेजात शिकणाऱ्या चार मित्रांनी सुरू केलेला हा रॉक बँड. ख्रिस मार्टिन गातो आणि पियानो वाजवतो, जॉनी बकलँड गिटार, गाय बेरीमन बेस गिटार आणि विल चॅम्पियन ड्रम. त्यांचं 'यलो' हे गाणं २००० साली आलं तेव्हा मी एक वर्षाची होते. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती अकरावीत, मावसभावाच्या मोबाइलवर. शाळेत गुजराती, घरात मराठी आणि इंग्रजीची पुरती बोंब. या बँडची गाणी मला शब्दन् शब्द कळायची, कारण ती सावकाश आणि साध्या शब्दांत होती. मी एका वहीत गाणी ऐकून उतरवायचे, चुकलेले शब्द नंतर लाल शाईनं दुरुस्त करायचे. पुढे मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं आणि आज लिहिण्यावरच पोट भरते, त्याची सुरुवात त्या वहीतून झाली. पण हे मी घरी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "इंग्रजी गाण्यांचं कसलं वेड?" असं कुणी हसत म्हणेल, या भीतीनंच नाही सांगितलं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ते मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन गाऊन गेले. मी बारावीत होते. जायचा विषयही काढला नाही. म्हणून या वेळी ठरवलं होतं, काही झालं तरी जायचंच.

त्या रविवारी मला तिकीट मिळालं नाहीच. पण ऑफिसमधल्या मैत्रिणीला १९ जानेवारीची दोन मिळाली. उभं राहून बघायचं, ६,४५० रुपयांचं एक. नोव्हेंबरात अहमदाबादचे कार्यक्रम जाहीर झाले, तेव्हा आम्ही दोघींनी २५ जानेवारीचीही काढली, ४,५०० रुपयांना एक. एकाच बँडच्या मागं दोन शहरं! आम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये उड्या मारल्या.

आता दुसरं खोटं. दिवाळीत घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं होतं. दुरुस्तीपेक्षा नवंच बरं, असं ठरलं आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "दहा हजार मी देते." डिसेंबरात आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, यंदा बोनस लांबलाय. ती म्हणाली, "असू दे गं, घाई नाही. दोन माणसांचे कपडे ते किती!" आणि बडोद्याच्या थंडीत ती हातानं कपडे धूत राहिली.

१९ जानेवारीला आम्ही ऐरोलीहून लोकलनं नेरूळला उतरलो, तिथून स्टेडियमपर्यंत माणसांच्या लोंढ्याबरोबर चालत. आत जाताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरा पट्टा बांधतात. गाण्याबरोबर ते पट्टे दुरून चालू-बंद होतात, रंग बदलतात. 'यलो' सुरू झालं आणि अख्खं स्टेडियम पिवळं झालं. मी इतकी रडले की समोरचं काही दिसेना. दोन-अडीच तास कधी सरले कळलं नाही. बाहेर पडताना पट्टे परत करायचे असतात. झाडांपासून बनवलेल्या साहित्याचे असतात ते, पुढच्या कार्यक्रमांत पुन्हा वापरतात. मी माझा हळूच पिशवीत टाकला. आठवण म्हणून.

त्या रात्री घरी फोन केला नाही. काय सांगणार होते?

आता खरी गोष्ट. मुंबईहून अहमदाबादला जाणारी गाडी बडोद्यावरूनच जाते. २५ तारखेच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आई दोनदा म्हणाली होती, "सव्वीसची सुट्टी आहे ना, ये की." मी म्हटलं होतं, "काम आहे गं, नाही जमणार." गाडी बडोद्याला काही मिनिटं थांबेल तेव्हा खिडकीशी बसायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं. स्टेशनवर ओळखीचं कुणी दिसलं तर?

२३ तारखेला रात्री मैत्रिणीचा फोन आला. ताप १०२. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. "माझं तिकीट विकून टाक," ती म्हणाली, "दुप्पट पैसे येतील." खरंच आले असते. समाजमाध्यमांवर लोक अक्षरशः हात जोडून तिकिटं मागत होते. दुप्पट पैसे म्हणजे जवळजवळ मशीनचा माझा वाटाच. मी मोबाइल हातात घेऊन खूप वेळ बसले आणि शेवटी आईला फोन लावला.

सगळं सांगितलं. १९ तारीख, तिकिटांच्या किमती, बोनस, सगळं. पलीकडे शांतता. मला वाटलं, आता पैशांवरून बोलणी खावी लागणार. आई हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तू बडोद्यावरून गेली असतीस आणि मला कळलंही नसतं."

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

थोड्या वेळानं मीच म्हटलं, "तू येशील माझ्याबरोबर?"

"मला काय कळणार त्यातलं?" ती म्हणाली. मग पुन्हा शांतता. मग, "डबा कितवा?"

मैत्रिणीला तिच्या तिकिटाचे पैसे महिन्याभरात देते असं सांगितलं आणि आईचं बडोदा-अहमदाबाद तिकीट तत्काळमध्ये काढलं. २५ तारखेला गाडी बडोद्यात शिरली तेव्हा मी खिडकीशी नाही, दारातच उभी होते. आई फलाटावर होती. पंजाबी ड्रेस, सकाळी फिरायला जायचे बूट, हातात पिशवी. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बाबा सोडायला आले होते. "रात्री फार उशीर करू नका," एवढंच म्हणाले.

अहमदाबादला कालुपूर स्टेशनवरून आम्ही मेट्रो धरली, ओल्ड हायकोर्टला बदलली आणि मोटेराला उतरलो. लाखाहून अधिक माणसं मावणारं ते स्टेडियम. खाण्याचं आत नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही बाहेरच एका कठड्यावर बसून दशम्या खाल्ल्या. आजूबाजूला चेहऱ्यावर रंगीत टिकल्या लावलेली पोरं, गुवाहाटीहून आलेला एक ग्रुप, हैदराबादचं एक जोडपं. आई सगळ्यांकडे टकामका बघत होती. मी खाली मान घालून बसले होते.

"मी दर बुधवारी खोटं बोलायचे," आई एकदम म्हणाली.

"काय?"

"इंदूरला असताना. आठवीत असेन. रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. तुझ्या आजोबांना सिनेमाची गाणी चालायची नाहीत. मग गणित शिकायला जाते म्हणून शेजारच्या काकूंकडे जायचे. अमीन सयानी एकेक पायदान सांगत जायचे आणि मी वहीत लिहून घ्यायचे. कोणतं गाणं कितव्या पायदानावर, मागच्या आठवड्यात कुठं होतं, वर्षाच्या शेवटी सरताज गीत कोणतं. वहीला खाकी कव्हर घालून वर 'भूगोल' लिहिलं होतं."

"कुठे आहे ती वही?"

"घर बदललं तेव्हा मामानं रद्दीत दिली. त्याला भूगोलाचीच वाटली ना." ती हसली. "कुणाला सांगायची सोयच नव्हती की वही गेली म्हणून मी रडतेय."

पंचवीस वर्षं मी या बाईच्या घरात राहिले. आमच्याकडे रेडिओ लागायचा तो बातम्यांना आणि भक्तिगीतांना. मला तिचं आवडतं गाणं कोणतं हेसुद्धा माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. वह्या लपवण्यात आम्ही दोघीही तरबेज होतो.

आमच्या जागा इतक्या वर होत्या की पायऱ्या चढताना आई तीनदा थांबली. वरून ख्रिस मार्टिन आगपेटीतल्या काडीएवढा दिसत होता. मुंबईत मी गर्दीच्या मधोमध होते, इथं डोंगरमाथ्यावर बसल्यासारखं. दिवे गेले, संगीत सुरू झालं आणि आईच्या मनगटावरचा पट्टा लाल झाला. ती दचकली. "अगं, हे काय! कोण चालू करतंय?" मग खालचे हजारो दिवे एकाच वेळी रंग बदलताना बघून गप्पच झाली.

त्या लाल, निळ्या, पिवळ्या उजेडात मला आईचा हात दिसत होता. बोटांच्या सांध्यांवर कातडी फुटलेली, थंड पाण्यानं राठ झालेली. 'यलो' सुरू झालं तेव्हा मी व्यासपीठाकडे पाहत नव्हते. हेच गाणं मी सहा दिवसांपूर्वी ऐकलं होतं आणि रडले होते. या वेळीही रडले, पण वेगळ्या कारणानं. मी हातात हात घेतला. "सॉरी आई."

"ऐकू दे," ती म्हणाली. पण हात सोडवला नाही.

'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' या गाण्याच्या मधे ख्रिस मार्टिन गाणं थांबवतो आणि सगळ्यांना विनंती करतो, एवढं एक गाणं मोबाइल बाजूला ठेवून ऐका. दुनियाभर, प्रत्येक कार्यक्रमात. मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माझा मोबाइल केव्हाचा पर्समध्येच आहे." गाणं पुन्हा सुरू झालं, आतषबाजी झाली आणि माझी त्रेपन्न वर्षांची आई, गुडघ्यांची तक्रार विसरून, उभी राहून टाळ्या वाजवत होती. एकही शब्द कळत नसताना.

शेवटाकडे 'फिक्स यू' झालं. वडील गेल्यावर दुःखात बुडालेल्या आपल्या पत्नीसाठी ख्रिस मार्टिननं ते लिहिलं होतं, असं मी तिला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "वाटलंच. भजनासारखं होतं."

बाहेर पडताना पट्टे गोळा करायच्या पेट्या ठेवल्या होत्या. बरेच जण पट्टे खिशात घालून पुढे जात होते. आईनं स्वतःचा काढून नीट पेटीत टाकला. माझा हात घुटमळला. ती म्हणाली, "परत मागितलाय ना त्यांनी?" मी पट्टा टाकला. मग पिशवीच्या तळातून मुंबईचा काढला आणि तोही टाकला. आईनं पाहिलं, पण काही विचारलं नाही.

कालुपूरला फलाटावर चादर टाकून आम्ही पहाटेच्या गाडीची वाट पाहिली. घरी पोचलो तेव्हा उजाडत होतं. न्हाणीघरात आदल्या दिवशीचे कपडे भिजत पडले होते. आई आत जायच्या आधी मी गेले. बाबांचे तीन शर्ट, दोन चादरी, आईच्या साड्या. पाणी इतकं गार होतं की पाच मिनिटांत बोटं बधिर झाली. चादर एकटीला पिळता येईना, तेव्हा आईनं दुसरं टोक धरलं.

मार्चमध्ये नवं मशीन आलं. माझा वाटा दोन हप्त्यांत दिला, मैत्रिणीचे पैसेही फेडले. 'तुझी आई किती मोकळ्या मनाची!' असं मैत्रिणी म्हणतात, तेव्हा मी गप्प बसते. मोकळं मन तिच्याकडे आधीपासूनच होतं. मीच कधी दार वाजवलं नव्हतं. आता आम्ही एकमेकींना गाणी पाठवतो. मी तिला गीतमालेच्या काळातली जुनी गाणी शोधून देते आणि ती सांगते, "हे अमुक आठवडे पहिल्या पायदानावर होतं." वही गेली, पण तिला बरंच पाठ आहे.

परवा फोनवर तिनंच विचारलं, "अहमदाबादनंतर कुठे गेले गं ते?"

"हाँगकाँगला."

"अबब! मग राहू दे." थोडं थांबून म्हणाली, "पण कधी जावंसं वाटलं, तर सांगून जा."

"सांगून जाईन," मी म्हटलं.