विकण्याआधी भाव कळायला हवा



दागिना मोडायचा झाला की आपण काय करतो? त्या दिवशीचा सोन्याचा भाव बघतो, दोन ठिकाणी वजन करून घेतो आणि घडणावळ परत मिळणार नाही हे धरूनच चालतो. हे शहाणपण आईकडून, सासूबाईंकडून आलेलं. पण घरात सोन्याखेरीज दुसरी एखादी वस्तू निघाली की आपण समोरचा म्हणेल तो आकडा खरा मानतो. यंदा न्यू जर्सीला लेकीकडे होते, तेव्हा हा धडा एका वेगळ्याच वस्तूवर गिरवायला मिळाला.

लेकीच्या शेजारी एक आजीबाई राहतात, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मागल्या वर्षी त्यांचे यजमान गेले. त्यांच्या मागे तळघरात बेसबॉलच्या कार्डांचे चार खोके निघाले. आजीबाईंच्या छपराचं काम निघालं होतं, पैशांची नड होती. एक व्यापारी सगळ्याचे मिळून दीडशे डॉलर देतो म्हणाला होता आणि शनिवारी माल उचलायला येणार होता. "कागदच तर आहेत," असं त्या म्हणाल्या. माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. म्हटलं, मोजल्याशिवाय द्यायचं नाही. मी, आजीबाई आणि माझा सोळा वर्षांचा नातू, तिघं कामाला लागलो.

ही कार्डं म्हणजे पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याच्या खेळाचे आकडे. पूर्वी ती सिगारेटच्या पाकिटातून मिळत, नंतर च्युइंगमबरोबर. आपली मुलं नाही का बबलगममधली क्रिकेटची चित्रं जमवायची, तसंच.

पहिलं काम वर्षवारी लावण्याचं. बऱ्याच कार्डांच्या मागे साल छापलेलं असतं. नसेल तर मागच्या आकड्यांतला शेवटचा हंगाम बघायचा. कार्ड बहुधा त्याच्या पुढच्या वर्षीचं असतं. अशी विभागणी केल्यावर साडेतीन खोके 1986 ते 1992 या काळातले निघाले. आणि तिथेच निम्मी आशा मावळली. त्या वर्षांत कंपन्यांनी अमाप कार्डं छापली आणि पुढे भाव येईल म्हणून लोकांनी ती जपून ठेवली. ज्या मालाचे खोके घरोघरी आहेत, त्याला कोण पैसे देणार?

उलट उदाहरणही तिथलंच. टॉप्स कंपनीची 1952 सालची न खपलेली कार्डं 1960 च्या सुमारास बोटीवर लादून समुद्रात टाकून दिली होती. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक उत्तम अवस्थेतलं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं! त्याहून जुनं होनस वॅग्नरचं 1909 च्या सुमाराचं कार्ड. ते तंबाखू कंपनीचं होतं आणि त्याची छपाई लवकरच थांबली. मुलांनी आपल्या चित्रापायी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्यानेच नकार दिला, असं एक कारण सांगतात. मला ते आवडलं. म्हणजे नुसतं जुनं असून भागत नाही. माल कमी हवा आणि मागणारे जास्त हवेत.

दुसरं काम अवस्था बघण्याचं. चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्यात का, पृष्ठभागावर घडी किंवा ओरखडा आहे का. पीएसए, एसजीसी, बेकेट अशा संस्था कार्ड तपासून दहापैकी अंक देतात आणि ते बंद डबीत घालून देतात. एकाच कार्डाचा भाव अंकागणिक कितीतरी पटींनी बदलतो. म्हणून नातवाला आधीच बजावलं, पुसायचं नाही, कोपरा सरळ करायला जायचं नाही.

तिसरं काम भावाचं. ईबेवर लोक वाटेल ती किंमत मागतात. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. तिथे 'विकले गेलेले' एवढेच सौदे बघण्याची सोय आहे. त्यात तेच वर्ष, तोच क्रमांक, तशीच अवस्था असलेले अलीकडचे सौदे काढायचे. आम्ही वहीत रकाने आखले. 1968 चं नोलन रायनचं पहिलं कार्ड निघालं, कोपरे गोलसर झालेले. तशाच झिजलेल्या कार्डांचे सौदे पाहिले, तर त्या एकाचा भाव अख्ख्या चार खोक्यांच्या दीडशे डॉलरपेक्षा जास्त!

मग चौथा रकाना, खर्चाचा. कॉलेजात शिकलो होतो की मालाची किंमत धरताना वसुलीतून विक्रीचा खर्च वजा करायचा. संकेतस्थळाचं कमिशन, टपाल, विमा आणि तपासणीची फी. तपासणीने वाढणारा भाव फीपेक्षा जास्त असेल तरच कार्ड तपासायला पाठवायचं. त्या हिशेबात फक्त सहा कार्डं बसली. व्यापाऱ्यालाही मी सरसकट दोष देत नाही. त्याला दुकानाचं भाडं आणि नफा सुटायला हवा. पण किती सोडायचं हे आपल्याला कळलेलं असावं.

एक पेच मात्र आला. एका चांगल्या कार्डावर बारीकशी घडी होती, उजेडात तिरकं धरल्यावरच दिसणारी. ते कार्ड तपासणीला न पाठवता तसंच विकायचं होतं. नातू म्हणाला, "आजी, फोटो समोरून काढला तर कुणाला कळणार नाही." आजीबाई गप्प होत्या, नड त्यांची होती. मी त्याला पाठशाळेतले अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगितले. खोटं माप वापरणं हा एक अतिचार, चांगल्याच्या नावाखाली हलकं देणं हा दुसरा. दीडशे डॉलरात कुणी आपल्याला फसवू नये म्हणून आपण चार दिवस बसलो; मग घेणाऱ्याला तरी का फसवायचं? आजीबाईंनी मान हलवली. घडीचा वेगळा फोटो टाकला आणि भाव त्याप्रमाणे कमी लावला. ते कार्ड दोन दिवसांत गेलं.

व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं होतंच. सहा कार्डं आणि बाकीची निवडक मिळून छपराचं निम्मं बिल भागलं. साडेतीन खोके शाळेच्या मुलांना वाटले. एक कार्ड आजीबाईंनी ठेवून घेतलं. भाव विचाराल तर दोन डॉलरसुद्धा नाही, पण यजमानांनी मागे पेन्सिलीने लहानपणचं नाव लिहिलं होतं. वहीत त्या कार्डापुढचा रकाना मी रिकामाच ठेवला.

मैत्रिणींनो, आपल्याही माळ्यावर यजमानांची जुनी नाणी, तिकिटं, घड्याळं असतील. ती विकावीत की देऊन टाकावीत, हे ज्याच्या त्याच्या परिग्रहाच्या मर्यादेवर आहे. पण आधी वही घ्या, चार रकाने आखा आणि यजमान असतानाच त्यांच्या शेजारी बसून काय कुठलं आहे ते लिहून घ्या.