गोधडीतला रेडिओ

२०२० सालच्या टाळेबंदीत आम्हा चौघांना एक खूळ लागलं. चार जण चार घरांत, पण इंटरनेटवर आपला रेडिओ चालवायचा! मी तेव्हा आठवीत. दादाचा जुना लॅपटॉप, आइसकास्ट नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि स्टुडिओ म्हणजे गोधडी. ती डोक्यावरून घेऊन बोललं की खोलीचा घुमारा येत नाही. घाम मात्र फार येतो!

नियम एकच. लागोपाठची दोन गाणी एका धाटणीची नकोत. किशोरी आमोणकरांच्या भूपानंतर लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट, मग शाहीर साबळे. एका रविवारी माझ्याकडे लावायला काहीच नव्हतं. मित्र म्हणाला, "तुझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते ना?"

मला लाजच वाटली. आर्मस्ट्राँगच्या शेजारी आमची आजी? (आता त्या लाजेचीच लाज वाटते.)

आजी लगेच तयार. डोळे मिटून गायली. थांबली, तरी स्वयंपाकघरातून, आईच्या फोनवर, तिचा आवाज येतच होता.

"अगं बाई! मी गप्प बसले, तर गातंय कोण?"

मी समजावलं, "आवाज तुकड्या-तुकड्यांनी सर्व्हरवर जातो, ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये थोडा साठतो, मग वाजतो. म्हणून २०-२५ सेकंद उशीर." तिला पटलं की नाही, कोण जाणे.

"किती जण ऐकतायत रे?"

पडद्यावर आकडा होता ७. त्यातली एक आईच! मी हळूच म्हटलं, "सात."

"सात?" आजी पदर सावरून बसली. "जात्यावर तर मी आणि जाऊबाई दोघीच असायचो. थांब, अजून एक म्हणते."