एका मात्रेची वाढ

अमेरिकेतल्या यूटा राज्यातले मोआब म्हणजे तांबड्या वालुकाश्माचा मुलूख. कोलोरॅडो नदीकाठचे हे उघडे खडक जीपने चढण्यासाठी लोक दुरून येतात. गेल्या वर्षी भाच्याकडे गेलो तो त्याच हौसेने. पाहतो तर जीपचे इंजिन अंगणात सुटे पडलेले!

“मामा, या चार लिटरच्या इंजिनात जुन्या ४.२ लिटरवाल्याचा क्रँक बसतो. पिस्टनची धाव ८६.७ मिलिमीटरची ९८.९ होते. सिलिंडर जरा रुंद केले की ४.६ लिटर! मग कमी वेगातही चढाला जोर मिळतो.”

“मग अडले कुठे?”

“धाव वाढली की दाबही वाढतो. जुळते पिस्टन नि रॉड निवडले नाहीत, तर इंजिन नॉक करून फुटायचे. पण तुम्ही आठवडाभरच आहात. उद्याच मागवून टाकतो सगळे!”

मी मराठीचा मास्तर. मला एवढेच कळले, की वृत्तात एक मात्रा वाढली तर सारी ओळ पुन्हा मोजावी लागते. तसे म्हणालो. तो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने भंगारातून आणलेला क्रँक आधी तडे तपासायला धाडला.

माझी जीपस्वारी हुकली. आम्ही नदीकाठी पायीच हिंडलो. खडक काही पळून जाणार नव्हते!