गो: क्यू ते दान

गो हा खेळ १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषांच्या पटावर, ३६१ छेदबिंदूंवर, काळ्या-पांढऱ्या खड्यांनी खेळला जातो. जपानी श्रेणीपद्धतीत नवशिका साधारण ३० क्यूपासून सुरुवात करतो. आकडा उतरत १ क्यूवर आला की पुढची पायरी १ दान, आणि तिथून आकडा चढत जातो. हौशी खेळाडूंमधला फरक खड्यांतच मोजतात. दोघांत चार पायऱ्यांचे अंतर असेल, तर कच्च्या खेळाडूचे चार काळे खडे आधीच पटावर मांडले जातात. ही सवलत सहसा ९ खड्यांपर्यंत असते.

नवशिक्याला समोरचा प्रत्येक खडा मारावासा वाटतो. दोन ‘डोळे’, म्हणजे आपल्याच खड्यांनी वेढलेल्या दोन वेगळ्या रिकाम्या जागा, असलेला गट मरत नाही, हे उमगले की पहिला टप्पा सरतो. मधल्या क्यूचा खेळाडू कोपऱ्यातल्या ठरीव चाली, म्हणजे जोसेकी, पाठ करतो; पण उरलेला पट पाहून त्यांतली कोणती निवडावी, हे त्याला सुचत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चालीला तो तिथल्या तिथे उत्तर देत बसतो. वरच्या क्यूत पुढाकाराचे, म्हणजे सेन्तेचे, मोल कळू लागते: किरकोळ धमकीकडे दुर्लक्ष करून मोठी जागा आधी घेता येते.

दान खेळाडूची नजर पुढच्या चाली अधिक अचूक वाचते. गटांच्या जगण्या-मरण्याची कोडी तो मनातच सोडवतो, डाव चालू असताना दोन्हीकडचा प्रदेश मोजतो आणि काम झालेले खडे खुशाल सोडून देतो. नवशिक्याला हे सोडणेच सर्वांत जड जाते.