धुऱ्यावरची चाचणी

मोहाडी तालुक्यातल्या माझ्या काकांनी ई-पीक पाहणीचं ॲप पहिल्यांदा उघडलं ते रोवणी आटोपल्यावर, धुऱ्यावर उभं राहून. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "हे भरवशाचं हाये का रे बाबू?" इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्याच बैठकीत कोणी विचारलेला नाही.

आवृत्तीच्या आकड्यावरून किंवा नावापुढच्या बिरुदावरून याचं उत्तर मिळत नाही. जीमेल 2004 ते 2009 'बीटा', म्हणजे चाचणीतलंच म्हणवलं जात होतं आणि लोक त्यावर रोजचा कारभार करत होते. मला डेबियनची पद्धत पटते. तिथे नवं सॉफ्टवेअर आधी 'अनस्टेबल'मध्ये येतं, मग 'टेस्टिंग'मध्ये मुरतं आणि तयार झाल्यावरच 'स्टेबल' ठरतं. पण धान तेवढं थांबत नाही.

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झाली. सातबाऱ्यातला 'बारा' म्हणजे पिकांची नोंद. ती लिहिण्याचं तलाठ्याचं काम शेतकऱ्याच्या फोनवर आलं. ती नोंद नसेल, तर आधारभूत किमतीने धान विकताना अडतं. म्हणून शंभरातल्या किती नोंदी सुरळीत झाल्या, हे मी आधी विचारत नाही. जी एक अडली, तिचं पुढे काय झालं ते विचारतो.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. पूर्वी एका संस्थेचं ॲप मी ऑफिसच्या वायफायवर तपासून मंजूर केलं होतं. गावात नोंद सर्व्हरवर पोचायची, पण पोचल्याची पावती फोनकडे परत येताना रेंज जायची. माणसाला वाटे, गेलीच नाही. तो पुन्हा पाठवी आणि एकाच कामाच्या दोन नोंदी होत. त्या निस्तरायला लोकांना चकरा माराव्या लागल्या. त्याची बोच अजून आहे. आता मी नोंद जाता जाता मुद्दाम फोन बंद करतो, पुन्हा चालू करतो, तीच नोंद तीनदा पाठवतो. सर्व्हरवर ती एकच दिसली पाहिजे, आणि फोनमध्ये भरलेलं काहीही हरवता कामा नये. शेवटच्या तारखेची गर्दी उभी करून हेच सगळं परत करतो. ही चाचणी सोडून कोणी 'पक्कं झालं' म्हणालं, तर मी सही करत नाही.

1 ऑगस्ट 2022 ला ई-पीक पाहणीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातल्या जिओ-फेन्सिंगची, म्हणजे माणूस खरंच त्या शेतात उभा आहे का हे जीपीएसवरून ताडण्याची, चर्चा झाली. ते उपयोगी आहेच, पण मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनचा जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि आमच्या काही बांध्या तेवढ्याच रुंद. मला जास्त मोलाची वाटली ती 48 तासांत आपली नोंद स्वतः दुरुस्त करण्याची सोय. शिवाय गावातल्या सगळ्यांची पीक पाहणी बघता येऊ लागली. चुकलेल्याला परत फिरायला वाट मिळाली, आणि नोंद खरंच पोचली का हे पडताळायलाही.

काकांना मी तेवढंच सांगितलं: शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, आणि नोंद केल्यावर गावाची यादी उघडून बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी गट नंबर वाचला, पीक वाचलं, क्षेत्र वाचलं. मग म्हणाले, "थांब, शेजारच्या म्हातारीचंबी पाहून घेतो."