गाडीच्या हँडलवर शटरचे बटण

दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ शिकवताना विद्युतचुंबक बहुधा खिळा आणि तारेवरच संपतो. सणसरचा एक विद्यार्थी मात्र घरचा प्रश्न घेऊन आला. "सर, शटरचं रिमोट पप्पांच्या मोटारसायकलवर बसवायचंय. पावसात खिशातनं काढता येत नाही."

तसे काम सोपे. रिमोटचे बटण दाबले की परिपथ पूर्ण होतो. त्याच्या दोन टोकांना तारा सोल्डर करून हँडलवरच्या बटणाला जोडायच्या, रिमोट सीटखाली ठेवायचे. मी एवढेच विचारले, "बाजारात उभी गाडी कुणी हात लावली तर?" पोरगं गप्प. घराची किल्लीच की ती!

दोन दिवसांनी तोच म्हणाला, "सर, रिले लावू." रिलेच्या कॉइलला वीज इग्निशनमधून, हँडलच्या बटणामार्गे, रिलेचे संपर्क रिमोटच्या बटणाला. चावी फिरवल्याशिवाय चुंबक तयारच होत नाही. शिवाय गाडीची वीज रिमोटपर्यंत जात नाही. गाडी चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, रिमोट आपल्या छोट्या सेलवरच बरे. (वायरी तोडून गाडी पळवणाऱ्याला हे अडवणार नाही, तेही त्याला सांगितले.)

आईचा प्रश्न मात्र रिलेने सुटेना. "धाकटी तिथंच खेळती. चुकून बटण दाबलं तर शटर तिच्यावर यायचं." यावर माझ्याकडेही तयार उत्तर नव्हते. मुलाने रिमोट उघडून पाहिले, वर-खाली अशी बटणे वेगळी होती. त्याने फक्त ‘वर’च्या बटणालाच तारा जोडल्या. शटर खाली घ्यायचे ते भिंतीवरच्या बटणाने, समोर उभे राहून.