ज्यांची तबकडी निघालीच नाही

१/ दुर्मीळ तबकडी शोधणाऱ्या रसिकाला निदान एक खात्री असते : आवाज कुठेतरी कोरलेला आहे. ब्रिस्टलच्या ट्रिप हॉप कलावंतांनी १९९० च्या दशकात जुन्या तबकड्यांतले विस्मृत तुकडे उचलून नवे संगीत घडवले. पण ज्यांची तबकडी निघालीच नाही, त्यांचे काय?

२/ गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. पंढरपुरी नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता त्यांनी रचलेले अभंग नामदेवगाथेच्या आश्रयाने टिकले. जात्यावर बसलेल्या इतर असंख्य स्त्रियांच्या ओव्यांना तो आश्रय लाभला नाही.

३/ पुढे पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली. पहाटेचे कष्ट सरले, याचे दुःख कोणी करू नये. त्यांच्याबरोबर गाणेही सरले, याची नोंद मात्र हवी.

४/ ती नोंद हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह घेतली. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रणही झाले. परभणी जिल्ह्यातल्याच ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ मध्ये मुद्रित झाला. २०१७ पासून हा ठेवा ‘परी’ या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला.

५/ कागदावर ओवीचे शब्द उरतात; चाल, दम घेण्याची जागा आणि जात्याची घरघर उरत नाही. ज्या घरात जात्यावर गायलेली आजी आहे, तेथे हा शोध आजही करता येतो. तिचा आवाज मुद्रित करावा आणि त्याखाली तिचे नाव अवश्य लिहावे.